तिसऱ्या खेपेस न आलेला रोगी



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषयनिवडीची पूर्ण मुभा दिली असता मनोविकारांवरील नव्या औषधांची प्रगती, मेंदूच्या संशोधनातील आश्चर्ये, किंवा गेलाबाजार मनःशांतीचे काही सोपे उपाय मी आपल्यापुढे ठेवीन, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. मी मात्र आज एका गैरहजर इसमाची कैफियत मांडण्यासाठी उभा आहे. हा इसम मनोविकाराच्या दवाखान्यात एकदा येतो, बहुधा दुसऱ्यांदाही येतो, आणि पुढे त्याचा केसपेपर दप्तरात तसाच पडून राहतो. तो बरा झाला, दुसऱ्या डॉक्टरकडे गेला, देवऋष्याकडे गेला की या जगातूनच गेला, याची रुजुवात घालण्याची कोणास गरज भासत नाही, कारण रुग्णालयाचा सारा कारभार आलेल्या माणसांच्या हजेरीवर चालतो. न आलेल्यासाठी आमच्या नोंदवहीत रकानाच आखलेला नसतो.

हा इसम केवळ आपल्या देशात आढळतो, आणि त्याचे कारण आपल्या समाजाचे अज्ञान हे होय, असा जो समज सुशिक्षितांमध्ये दृढ झाला आहे तो प्रथम तपासून पाहिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मानसिक आरोग्यविषयक पाहणीत चोवीस देशांतील साठ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती झाल्या, आणि त्यांपैकी मागील वर्षभरात ज्यांनी काही ना काही उपचार घेतला होता अशा सुमारे साडेआठ हजार लोकांच्या उत्तरांवरून २०१३ साली जो निष्कर्ष ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकिॲट्री’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, तो असा की ३१.७ टक्के लोकांनी उपचार मध्येच सोडला होता. श्रीमंत देशांत हे प्रमाण २६.३ टक्के आणि सर्वांत गरीब गटातील देशांत ३७.६ टक्के होते. परंतु मधल्या, म्हणजे गरिबी मागे टाकून वर येऊ लागलेल्या देशांत ते ४५.१ टक्क्यांवर गेले होते. केवळ दारिद्र्य हेच कारण असते तर आकडे एका ओळीत उतरत गेले असते. ते तसे उतरत नाहीत.

याच पाहणीतील दुसरा आकडा मला अधिक बोलका वाटतो. जे लोक मनोविकारतज्ज्ञाकडे जात होते, त्यांच्यात उपचार सोडण्याचे प्रमाण २१.३ टक्के होते, आणि ते श्रीमंत, मध्यम व गरीब अशा तिन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. देशादेशांत अंतर पडते ते तज्ज्ञाच्या दालनाबाहेर, म्हणजे गावच्या डॉक्टरापाशी, समुपदेशकापाशी, परिचारिकेपाशी, मांत्रिकापाशी. आणि सोडणारे बहुतांशी अगदी आरंभी सोडतात. दुसऱ्या भेटीनंतरचा काळ विशेष धोक्याचा असतो. यावरून मी असे अनुमान काढतो की भारतीय, ब्राझीलचा किंवा डेन्मार्कचा रोगी स्वभावतः चिकाटीचा वा उतावळा असतो असे नव्हे. त्याला पहिल्या दोन खेपांत काय मिळाले आणि त्या दोन खेपांसाठी त्याला काय मोजावे लागले, यांची वजाबाकी करून तो निर्णय घेतो. हा निर्णय पुष्कळदा चुकीचा ठरतो, हे मी नाकारीत नाही. परंतु तो अविचाराने घेतलेला असतो हे मात्र मला मान्य नाही.

येथे आकड्यांविषयी एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. ‘उपचार सोडला’ याचा अर्थ प्रत्येकाच्या लेखी निराळा असतो. संभाषणाद्वारे होणाऱ्या मानसोपचारावरील सव्वाशे अभ्यासांचे १९९३ साली संकलन झाले तेव्हा सुमारे ४७ टक्के लोक मध्येच गळतात असे दिसले. पुढे २०१२ साली सहाशेहून अधिक अभ्यास एकत्र केले असता हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आत आले. एवढ्या अवधीत मनुष्यस्वभाव सुधारला असे मानण्यापेक्षा मोजण्याचे माप बदलले असे मानणे अधिक सयुक्तिक होय. इंग्लंडमध्ये २००८ पासून चाललेल्या सरकारी मानसोपचार योजनेत तर दोन भेटी झालेल्या रोग्याचाही ‘उपचार पूर्ण झाला’ अशा सदरात समावेश होतो. ज्या दुसऱ्या भेटीनंतर माणसे नाहीशी होतात, तिथेच पूर्णतेची रेघ ओढण्याची ही हिकमत ज्या कारकुनाला सुचली असेल त्याच्या बुद्धीचे कौतुकच केले पाहिजे!

आता या वजाबाकीच्या पोटात शिरू. नैराश्यावरील औषधाचा विचार करा. रोगी गोळी घेऊ लागतो तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्याला मळमळते, पोट बिघडते, झोप उडते किंवा ग्लानी येते; आणि औषधाचा गुण मात्र दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. ज्याच्या ठायी आशा हीच वस्तू उरलेली नाही, अशा मनुष्याला ‘आधी त्रास सोसा, मग महिन्याने बघू’ असे सांगणारा उपचार त्याच्याकडून नेमकी तीच वस्तू मागत असतो जी त्याच्या रोगाने हिरावून नेली आहे. यातून जो टिकतो त्याच्यापुढे दुसरी परीक्षा उभी राहते. त्याला बरे वाटू लागते, आणि घरातली माणसे म्हणू लागतात, “आता बरं वाटतंय ना, मग गोळ्या कशाला? उगाच सवय लागेल.” वास्तविक बरे वाटू लागल्यानंतरही सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावयाचे असते, परंतु औषध बंद केल्याबरोबर रोग उलटत नाही, काही आठवड्यांनी अथवा महिन्यांनी उलटतो, आणि तोवर त्या दोन घटनांमधला कार्यकारणभाव सर्वांच्या मनातून पुसला गेलेला असतो. मग सासूशी झालेले भांडण, नोकरीतली बदली किंवा अमावास्या यांच्यावर तो ठपका येतो.

याच्या उलट एक विलक्षण गोष्ट आपल्याकडे सर्रास घडते. झोपेसाठी किंवा धडधड थांबविण्यासाठी डॉक्टरने चार दिवसांकरिता म्हणून जी गोळी दिलेली असते, तिचा गुण तासाभरात येतो. सबब चिठ्ठीतील मुख्य औषध बंद होते आणि ही गोळी मात्र औषधाच्या दुकानातून वर्षानुवर्षे घेतली जाते. सवय जिची लागते ती गोळी सुटत नाही, आणि जिची लागत नाही ती सवयीच्या भयाने सोडली जाते.

स्किझोफ्रेनियाच्या औषधांची कथा याहून कठीण आहे. अमेरिकेत राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या खर्चाने ५७ ठिकाणी जो मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. तेथे औषध फुकट होते, डॉक्टर निष्णात होते, रोग्यांवर देखरेख होती. असे असूनही सुमारे चौदाशे रोग्यांपैकी ७४ टक्के रोग्यांचे आरंभी दिलेले औषध अठरा महिन्यांच्या आत बंद झाले होते. कोणाला गुण आला नव्हता, कोणाचे वजन बेसुमार वाढले होते, कोणाचे हातपाय ताठरले होते, आणि पुष्कळांनी आपल्या मर्जीने ते सोडले होते. जुने स्वस्त औषध आणि नवी महाग औषधे यांत या बाबतीत फारसे अंतर पडले नाही, ही गोष्ट औषधी कंपन्यांच्या जाहिरातींवर भिस्त ठेवणाऱ्या आम्हा डॉक्टर मंडळींना बरीच झोंबली.

आणि अज्ञानाचा आरोप करणाऱ्यांनी के रेडफील्ड जेमिसन या विदुषीचे उदाहरण ध्यानी घ्यावे. उन्माद आणि विषाद यांच्या आळीपाळीने येणाऱ्या विकाराच्या त्या नामांकित अभ्यासक, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील प्राध्यापक, आणि त्या विकाराने स्वतः पीडित. त्या विकारावरील लिथियम या औषधाचे गुण विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या या बाईंनी स्वतः ते वारंवार सोडले आणि त्याची जबर किंमत मोजली, हे त्यांनी आपल्या १९९५ सालच्या आत्मकथनात निःसंकोचपणे लिहून ठेवले आहे. उन्मादाच्या आरंभी बुद्धीला जी धार चढते, जे उल्हासाचे भरते येते, ते गमावल्याची हुरहुर त्यांना पुन्हा पुन्हा औषधापासून दूर नेत असे. ज्ञानाने हा प्रश्न सुटत असता तर निदान त्यांच्यापुरता तो केव्हाच सुटला असता.

उपचाराचे मूल्य औषधाइतकेच समोरच्या माणसावरही ठरते. अमेरिकेतच सिॲटल परिसरातील सतरा मानसोपचार केंद्रांतील हजारो रोग्यांची कागदपत्रे स्टॅन्ले सू यांनी तपासली, आणि १९७७ साली त्यांनी दाखवून दिले की गोऱ्या रोग्यांपैकी सुमारे तीस टक्के पहिल्या भेटीनंतर परतत नाहीत, तर कृष्णवर्णीय, आशियाई आदी अल्पसंख्य समाजांतील रोग्यांपैकी जवळजवळ निम्मे परतत नाहीत. तेच शहर, त्याच इमारती, तेच शास्त्र. फरक एवढाच की समोर बसलेल्या मनुष्याची भाषा, त्याच्या घरातील मानमर्यादा, दुःख सांगण्याची त्याची रीत यांतले काहीच ऐकणाऱ्याला अवगत नव्हते. आपल्याकडे गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात हे अंतर पडण्यास परकी भाषा बोलणारा डॉक्टर लागत नाही. पाच मिनिटांची मुलाखत पुरते. छातीत धडधडते, अंगाची आग होते, डोके जड होते अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला “तुम्हाला काही झालेलं नाही, मनाचं आहे सगळं” असे सांगून गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरकडे ती दुसऱ्यांदा यावी तरी कशासाठी? ‘काही झालेले नाही’ त्याकरिता औषध घेण्याइतकी ती भोळी नसते.

यापुढचा हिशेब पैशाचा. झिंबाब्वेतील मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी जाहीर व्याख्यानात सांगितलेली हकीकत अशी की त्यांच्या एका तरुण रुग्णेने आत्महत्या केली. पुन्हा तपासणीस का आणले नाही असे विचारता तिच्या आईने सांगितले की हरारेला येण्यासाठी बसभाड्याचे पंधरा डॉलर घरात नव्हते. महाराष्ट्रात सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार. १९९६ पासून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची तरतूद झाली आणि त्यायोगे काही ओझे हलके झाले हे खरे, तरीपण आडगावातून जिल्ह्याच्या ठिकाणी येणाऱ्या रोग्याबरोबर घरचे एक माणूस यावे लागते, दोघांचे भाडे आणि दोघांची दिवसभराची मजुरी बुडते, आणि तिथे पोहोचल्यावर डॉक्टर रजेवर किंवा औषध संपलेले, असाही अनुभव पदरी पडतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली, तीत औषधोपचार आणि त्यापायी होणारा प्रवास यांवर कुटुंबाला दरमहा हजार ते दीड हजार रुपये खर्चावे लागतात असे नमूद आहे. औषध फुकट असणे आणि उपचार फुकट असणे या दोन निराळ्या बाबी आहेत.

पण पैशाहूनही प्रबळ असे एक कारण आपल्या घराघरांत वावरत असते, आणि त्याविषयी परदेशी अहवालांत फारसे वाचावयास मिळत नाही. ते म्हणजे लग्न. मुलगी औषधावर असताना ती चांगली असते. चांगली असते म्हणून स्थळे येतात. स्थळे आली म्हणून गोळ्यांची पाकिटे घरातून नाहीशी होतात, कारण सासरी ती कोणाच्या दृष्टीस पडली तर काय सांगायचे? मग जागरणे, पाहुण्यांची वर्दळ, नवे घर, नवी माणसे, आणि अंगात औषधाचा अंश नाही. दोनतीन महिन्यांत जे व्हायचे ते होते. मुलीची रवानगी माहेरी होते, आणि विशिष्ट मर्यादेपलीकडचा मनोविकार हे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यान्वये घटस्फोटाचे एक कारण असल्याने वकिलाची नोटीस मागोमाग येते. मुलाच्या बाबतीत “लग्न केलं की येईल ताळ्यावर” या श्रद्धेने हेच नाटक उलट्या क्रमाने घडते. जे डॉक्टर औषधाची मात्रा काटेकोर लिहितात पण “घरात लग्नाचा विचार चालू आहे का?” असा प्रश्न कधीच विचारीत नाहीत, त्यांच्या रोग्यांचा उपचार कोणत्या मुहूर्तावर बंद पडणार हे ब्राह्मणाच्या पंचांगातून कळते, केसपेपरावरून नव्हे.

देवऋषी, भगत, दर्गा यांच्याकडे जाणाऱ्यांची चेष्टा करण्याचा प्रघात सुधारकांमध्ये जुना आहे. तामिळनाडूतील एरवाडी या दर्ग्याच्या गावी ६ ऑगस्ट २००१ रोजी साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण आगीत जळून मेले, तेव्हा त्या चेष्टेची जागा योग्य अशा संतापाने घेतली. तथापि त्या स्थळी माणसे का राहतात याचाही विचार व्हावयास हवा. तिथे नातलगांना रोग्याजवळ राहता येते, कोणी ‘पुढची तारीख’ देत नाही, आणि ‘बाहेरचे काही तरी लागले आहे’ या निदानात रोग्याच्या वा त्याच्या आईबापांच्या चारित्र्याला धक्का पोहोचत नाही. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात मुजावरांच्या संमतीने मनोविकाराचा दवाखाना चालविण्याचा जो उपक्रम झाला, त्याला ‘दवा-दुआ’ असे नाव मिळाले. मुजावरच रोग्याला दवाखान्याकडे पाठवू लागले. श्रद्धेचे दार अडवून न धरता त्याच दारातून आत शिरण्याची ही युक्ती मला शहाणपणाची वाटते.

उपचार टिकला पाहिजे, या माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो वजनदार आहे. जागतिक आरोग्य संघटनेने साठच्या दशकाच्या अखेरीस नऊ देशांत स्किझोफ्रेनियाचा जो अभ्यास आरंभिला, त्यात आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील रोग्यांची पुढील वर्षांतील स्थिती लंडन, वॉशिंग्टन आणि डेन्मार्कमधील ओर्हुस येथील रोग्यांपेक्षा चांगली आढळली. मग जिथे उपचार कमी टिकतो तिथे रोगी अधिक बरे कसे? या निष्कर्षावर पुढे पुष्कळ वाद झाले व ते अद्याप मिटलेले नाहीत. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की उपचार म्हणजे केवळ गोळी नव्हे, आणि आग्र्याच्या रोग्याच्या मागे उभे असलेले कुटुंब हेही उपचाराचे अंग होते. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी पन्नासच्या दशकात आवारातच तंबू ठोकून रोग्यांच्या नातलगांना सोबत राहू दिले, आणि रोगाविषयीच्या चार गोष्टी त्यांना तेथेच समजावून दिल्या. नातलग ज्याला सोडून जात नाहीत असा रोगी घरी परत जातो, आणि रोग समजून घेतलेले नातलग त्याला पुन्हा दवाखान्यात घेऊन येतात. मात्र हे कुटुंब आता पूर्वीसारखे मोठे राहिलेले नाही, आणि जिथे आहे तिथे बहुधा एकटी आई ते ओझे वाहत असते. या आईबापांची वेदना ओळखूनच कॅनडातील कॅलगरी येथे प्राध्यापक राहिलेल्या जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या उभारणीत पुढाकार घेतला. २००४ साली आलेला ‘देवराई’ हा चित्रपटही त्याच तळमळीतून निघाला.

मग गैरहजर इसमाला परत कसे आणावे? ज्यांना हे साधले ते सारे एका बाबतीत सारखे आहेत: त्यांनी रोगी येण्याची वाट पाहिली नाही. चिबांडा यांनी हरारेच्या सरकारी दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाके टाकली आणि त्यांवर वस्तीतल्याच आज्यांना प्रशिक्षण देऊन बसविले. चोवीस दवाखान्यांत केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले, त्यांत आजीशी बोललेल्यांपैकी सुमारे १४ टक्के लोकांत सहा महिन्यांनंतर नैराश्याची लक्षणे उरली होती, तर नेहमीचा उपचार मिळालेल्यांत ती ५० टक्के लोकांत होती. चीनने २००४ साली आरंभिलेल्या योजनेला तिच्या पहिल्या तरतुदीवरून, म्हणजे ६८ लाख ६० हजार युआनवरून, ‘६८६ प्रकल्प’ असे रुक्ष नाव पडले. तीत गरीब रोग्यांना औषध फुकट मिळे आणि आरोग्यसेवक घरी जाऊन चौकशी करीत. त्या योजनेत सरकारी बंदोबस्ताचा वास येतो हे खरे, पण घरात कोंडलेल्या, साखळीने जखडलेल्या माणसांची सुटकाही तिनेच केली. आणि दूर कशाला, गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगाथ’ने डॉक्टर नसलेल्या स्थानिक स्त्रीपुरुषांना समुपदेशनाचे शिक्षण दिले, नैराश्यावरील सहा ते आठ बैठकींचा उपचार बेतला, आणि ती बैठक आरोग्यकेंद्रात जमत नसेल तर रोग्याच्या घरी घेण्याची मोकळीक ठेवली. घरी जाणे, एवढी ही सुधारणा. तिला यंत्र लागत नाही, नवे औषध लागत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे, आणि राष्ट्रीय पाहणीनुसार वेगवेगळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नाही. या दोन विधानांच्या मधल्या दरीकडे बोट दाखवून अधिक डॉक्टर, अधिक खाटा, अधिक इमारती यांची मागणी केली जाते, आणि ती रास्तही आहे. पण जो दोनदा आला आणि तिसऱ्यांदा आला नाही त्याला शोधण्यास नवी इमारत लागत नाही. त्याचे नाव, गाव आणि बहुधा दूरध्वनीचा क्रमांकही दप्तरात आहे.

म्हणून दोन विनंत्या करून मी आपली रजा घेतो. या सभेत ज्यांच्या घरी कोणी मनोविकाराचे औषध घेत असेल त्यांनी ते आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये, लिथियम तर मुळीच नाही, कारण ते अचानक सोडल्यास रोग झपाट्याने उलटतो; सोडावेसे वाटत असेल तर तसे डॉक्टरला स्पष्ट सांगावे, त्याने कपाळाला आठ्या घातल्या तरी सांगावे. आणि ज्या सद्गृहस्थांच्या हाती रुग्णालयांचे विश्वस्तपद किंवा दानधर्माचा पैसा आहे, त्यांनी यंदाची देणगी देताना एक अट घालावी: त्या रकमेतून रोग्याचे आणि त्याच्या सोबत्याचे एसटीचे भाडे दिले जावे, ठरल्या तारखेस जो आला नाही त्याच्या घरी आठ दिवसांच्या आत चौकशीस जाणारा एक पगारी माणूस नेमला जावा, आणि नोंदवहीत न आलेल्यांचा रकाना आखून त्याचा आकडा दरवर्षीच्या अहवालात छापला जावा.